निरामिष आमिष

आमिष या शब्दाचा मूळ अर्थ मांस. सामिष आणि निरामिष भोजन या जोडीत तो अजून टिकून आहे. पुढे गळाला लावायच्या मांसाच्या तुकड्याला आमिष म्हणू लागले, तेथून तो शब्द प्रलोभनाकडे सरकला, आणि आता नोकरीचे किंवा लग्नाचे आमिष दाखवून केलेल्या फसवणुकीच्या बातम्यांत तो रोज भेटतो. त्या शब्दातला मासा मात्र केव्हाच निसटून गेला आहे.

आमचा या शब्दाशी संबंध आला तो उलट्या दिशेने. आमचे बालपण वाईला, कृष्णाकाठी गेले. घरात मासा शिजणे दूरच, जेवताना त्याचे नाव काढलेलेही आजीला खपत नसे. तरीही आयुष्यातले पहिले मासे आम्हांला आजीनेच दाखवले. गणपती घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसून ती कणकेच्या बारीक गोळ्या पाण्यात सोडायची, आणि पायरीखालचे हिरवट पाणी एकाएकी जिवंत व्हायचे. पदराच्या टोकाला बांधून आणलेली कणीक संपली की ती दोन्ही हात पाण्यात बुडवून, मासे बोटांना लागू देऊन उठायची. हे पुण्यकर्म आहे एवढेच आम्हांला सांगण्यात आले होते.

त्याच आजीचे नातू असलेले आम्ही २००९ सालापासून न्यू जर्सीतल्या एका तळ्यावर उन्हाळ्याच्या रात्री गळकाठी घेऊन बसतो. आम्ही अद्यापही शाकाहारी आहोत. पकडलेला मासा आम्ही खात नाही, सोडून देतो. आमच्या गळालाही गांडूळ नसते, कोळंबी नसते. लाकूड, रबर, पत्रा आणि रंग यांची केलेली खोटी आमिषे असतात. इकडे त्यांना ल्यूर म्हणतात. आम्ही त्यांना मनातल्या मनात निरामिष आमिष म्हणतो, आणि या नावावर काही वर्षे खूशही होतो. आजीच्या घाटावर अन्न होते आणि गळ नव्हता. आमच्या तळ्यावर गळ असतो आणि अन्न नसते, हे ध्यानात यायला उशीर लागला. ते ध्यानात कसे आले, आणि त्यापायी रात्रीच्या ल्यूरची आमची निवड कशी बदलत गेली, याची ही हकिकत.

तळ्याचे नाव होपॅटकाँग. न्यू जर्सीतले हे सर्वांत मोठे तळे, सुमारे चार चौरस मैलांचे. पेन्सिल्व्हेनियाचा कोळसा पूर्वेकडे नेण्यासाठी एकोणिसाव्या शतकात मॉरिस कालवा खणला गेला, त्याला पाणी पुरवण्यासाठी बांध घालून इथले पाणी वाढवण्यात आले. कालवा १९२४ साली बंद झाला, तळे राहिले. पुढे काठाने बंगले झाले, बंगल्यांपुढे हिरवळी झाल्या, हिरवळींची खते आणि सांडपाण्याच्या टाक्यांची झिरप तळ्यात उतरू लागली. फॉस्फरस हे जसे शेताचे खत तसेच ते तळ्याचेही. २०१९च्या जूनअखेरीस निळ्या-हिरव्या शेवाळाने तळे असे माजले की पाण्याला स्पर्श करू नये अशी सूचना सरकारला द्यावी लागली. बरे, शेवाळ नसते तेव्हा पाणगवत असते. युरेशियन मिलफॉइल नावाची पिसासारख्या पानांची वनस्पती तळापासून वर येते आणि उथळ भागात पाण्याच्या पृष्ठभागाखाली जंगल उभे करते. उन्हाळाभर कापणीची यंत्रे तळ्यात फिरत असतात, तरी जुलै सरता सरता फाटे गच्च भरतात.

या तळ्यात एकदा शिंगाड्याचे वेल सापडले होते. उपासाच्या पिठाचा आपला शिंगाडा इकडे आक्रमक तण मानला जातो. स्वयंसेवक तो शोधून हाताने उपटतात. हे कळले तेव्हा आम्हांला एकादशीच्या दिवशी चोरी करताना पकडले गेल्यासारखे वाटले. मिलफॉइल परका, शिंगाडा परका, आणि ज्याच्यासाठी आम्ही रात्री जागतो तो लार्जमाउथ बास हा मासाही न्यू जर्सीत बाहेरून आणून सोडलेला. इथे कोणी कोणाला उपरे म्हणायचे?

आम्हांला तळ्यावर नेणारे गृहस्थ पार्सिपनीला राहतात. मूळ मालवणचे, आता सत्तरीच्या पुढचे. सगळे त्यांना आबा म्हणतात, आम्हीही म्हणतो. कालावलच्या खाडीत गरवण्यात त्यांचे लहानपण गेले. त्यांच्याकडे चौदा फुटी अ‍ॅल्युमिनियमची होडी आहे, आणि आवाज न करणारी विजेवरची मोटर. दिवसा या तळ्यावर वेगवान बोटींचा इतका धुमाकूळ असतो की मासाच काय, माणूसही काठाला येणार नाही. त्यात ऑगस्टचे पाणी तापलेले. बास दिवसा गवताच्या सावलीत दडून राहतो आणि अंधार पडला की शिकारीला कडेकडेने फिरतो. म्हणून रात्र.

पहिल्या उन्हाळ्यात आम्ही ल्यूर निवडले ते दुकानाच्या उजेडात. ज्यांनी असले दुकान पाहिले नसेल त्यांनी पैठणीच्या दुकानाची कल्पना करावी. भिंतभर खुंट्या, प्रत्येक खुंटीवर एका आकाराचे वीस रंग. पोटाशी गुलाबी झाक असलेला, पाठीवर खवले कोरलेला, डोळ्यात लाल ठिपका असलेला. आम्ही तासन् तास निवड केली, आणि निवडताना मासा काय पाहील याचा विचार करतो आहोत अशी आमची प्रामाणिक समजूत होती. दोन उन्हाळ्यांत पेटीत एकशे चाळीस ल्यूर जमले. घरच्या मंडळींनी त्यांची किंमत एकदाच विचारली आणि आम्ही निम्मी सांगितली.

आबांनी पेटी उघडून पाहिली, झाकण लावले आणि म्हणाले, "रे, काळोखात मासो डोळ्यांनी बघना नाय. तो आंगान आयकता."

या एका वाक्यात जे होते ते समजून घ्यायला आम्हांला पुस्तके वाचावी लागली. माशाच्या दोन्ही कुशींवरून डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेषा जाते, तिला पार्श्वरेषा म्हणतात. पाण्यातली हालचाल, दाब, लहानशी लाट तिला कळते. दुरून येणारा आवाज अंतःकर्णाला कळतो. जवळ आल्यावर नेमके कुठे, हे पार्श्वरेषा सांगते. डोळे निरुपयोगी असतात असे नव्हे. बासच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या, एक हिरव्याला आणि एक लालला प्रतिसाद देणाऱ्या. इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, खाऊ देऊन शिकवलेल्या बासना लाल आणि हिरवा चांगला ओळखता आला, पण निळ्याची काळ्याशी आणि पोपटी-पिवळ्याची पांढऱ्याशी त्यांची गल्लत झाली. हे उजेडातले. पुरत्या काळोखात रंगाच्या पेशींचे काम थांबते, उरतो तो उजेड आणि सावली यांतला फरक. पाण्यातून वर पाहणाऱ्या माशाला अमावास्येचे आकाशही भोवतालच्या पाण्याहून थोडे उजळच असते, आणि त्यावर सर्वांत स्पष्ट उमटतो तो काळा आकार. म्हणून जुनेजाणते रात्री काळा ल्यूर वापरतात. आमच्या एकशे चाळीसांत काळे होते चार.

पुढचा धडा आबांनी धक्क्यावर दिला. त्यांनी आम्हांला डोळे मिटायला लावले, एकेक ल्यूर दोऱ्याला बांधून आमच्या हाती काठी दिली आणि ओढायला सांगितले. "सांग, काय हा ता." बहुतेक ल्यूर ओढताना हाताला काही म्हणजे काही कळत नव्हते, पाण्यातून नुसता दोरा येत होता. मग एक असा आला की काठीच्या मुठीत ठक ठक ठक अशी नाडी लागली. डोळे उघडले तर तो त्यांचा जुना स्पिनरबेट होता: तारेच्या एका टोकाला काळ्या रबरी झिरमिळ्यांचा गळ, दुसऱ्या टोकाला फिरणारे पाते.

पात्याचे दोन मुख्य प्रकार. एक विलोच्या पानासारखे लांबट. ते झरझर फिरते, चमकते आणि गवतातून सहज सरकून येते. दुसरे गोलसर, कोलोरॅडो म्हणतात ते. ते रुंद फिरते आणि पाण्याला धक्के देते. दिवसा चमक हवी, रात्री धक्के हवेत. पण हेच गोल पाते गवतात चटकन गुंतते. रात्र एक मागते आणि गवत दुसरे, आणि गवताळ तळ्यावरच्या रात्रीच्या निवडीची सगळी अडचण एवढ्यात आली. आम्ही विचारले, मग करायचे काय? आबांचे उत्तर असे की गवतात टाकूच नये, गवताच्या कडेने टाकावे. गोल पात्याचा आणखी एक गुण त्यांनी दाखवला. पात्यावर गवताची एक काडी जरी अडकली तरी मुठीतली नाडी थांबते. काळोखात ल्यूर दिसत नाही. तो जिवंत आहे की गवत ओढत येतो आहे हे सांगणारा निरोप्या म्हणजे ते पाते. जो ल्यूर माशाला कळतो तोच आपल्यालाही कळतो.

कडेने टाकण्याला आणखीही एक कारण आहे. वनस्पती दिवसा प्राणवायू देतात, पण रात्री त्या स्वतः श्वास घेतात आणि तो खातात. दाट गवताच्या पोटात पहाटेपर्यंत प्राणवायू इतका उतरतो की मासे मोकळ्या कडेला येतात. दिवसा जे त्यांचे घर असते त्याचा रात्री ओसरीपुरताच उपयोग.

अशा रीतीने एकशे चाळीसांची पेटी चारांवर आली, तळ्याच्या चार जागांना चार.

पहिली जागा गवताची बाहेरची भिंत, जिथे आठ-दहा फूट पाणी असते. तिथे हा काळा स्पिनरबेट. दुसरी जागा तिच्याच पायथ्याशी, तळाला. तिथे दहा इंची काळा रबरी किडा. त्याच्या तोंडाशी बंदुकीच्या गोळीसारखे वजन आणि गळाचे टोक किड्याच्याच अंगात लपवलेले, त्यामुळे तो गवतातून सापासारखा येतो. तिसरी जागा पृष्ठभागावर गोधडीसारखे पसरलेले गवत आणि कमळाची पाने. तिथे पोकळ रबरी बेडूक, ज्याचे दोन गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात. चौथी जागा आम्हांला सर्वांत प्रिय. तिथे गवताचे शेंडे पाण्याखाली फूट-दीड फुटावर थांबलेले असतात आणि वर तेवढाच मोकळा थर असतो. तिथे जिटरबग.

जिटरबग हा ओहायोतल्या अ‍ॅक्रनच्या फ्रेड आर्बोगास्टचा १९३८ सालचा ल्यूर. त्या वेळच्या एका नाचावरून त्याला नाव मिळाले. अंगठ्याएवढे बुटके शरीर आणि तोंडाशी पन्हळीसारखा वळवलेला रुंद पत्रा. ओढला की तो डावी-उजवीकडे डुलतो आणि रांजणात तांब्या बुडवताना येतो तसा गुळुक गुळुक आवाज करत येतो. त्याच्यात दुसरी काहीच कला नाही. दिवसा ल्यूरला थांबवत, झटके देत आणावे असे सांगतात. रात्री उलट, एकसारख्या संथ गतीने आणावा, कारण माशाला काळोखात आवाजावरून नेम धरायचा असतो आणि आपण लय मोडली की त्याचा नेम चुकतो. बास तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो, त्याचा आवाज शांत तळ्यावर दगड पडल्यासारखा होतो. तो ऐकताच काठी झटकायची नाही. झटकली आणि मासा चुकला असला तर ल्यूर काळोखातून सरळ आपल्या तोंडाकडे येतो. हाताला वजन लागेपर्यंत थांबायचे. हा संयम आम्हांला अजूनही दहात सहा वेळाच जमतो.

आता ज्या रात्रीमुळे हा लेख लिहावासा वाटला, तिच्याकडे यायला हवे.

ऑगस्ट २०१६. आम्ही तळ्याच्या ज्या फाट्यात होतो त्याला रिव्हर स्टिक्स असे नाव आहे. ग्रीक पुराणात मृतांच्या राज्याच्या वेशीवरची नदी स्टिक्स, म्हणजे आपली वैतरणीच म्हणायची. पूर्वी त्यावर आम्ही विनोद करत असू. त्या रात्री आबांनी सांगूनही आम्ही चारांपैकी एकही बांधला नव्हता. आदल्या आठवड्यात दुकानात एक नवा ल्यूर दिसला होता: पोटात धातूच्या गोळ्या असलेला, हलवला की खुळखुळ्यासारखा वाजणारा, पोटाखाली दोन तिहेरी गळ. रात्री आवाज महत्त्वाचा हे आम्ही शिकलो होतो, आणि त्या शिकण्याचाच आधार घेऊन पुन्हा दुकानाच्या उजेडात निवड केली होती. दोराही बारीक लावला होता, कारण बारीक दोऱ्यावर तो ल्यूर अधिक छान डुलतो असे पाकिटावर छापले होते.

अकराच्या सुमारास वजन लागले. मोठे होते. मासा खाली गेला, गवतात शिरला, आणि क्षणभरात दोरा असा ताठ झाला की जणू खांबाला बांधला आहे. त्यात हालचाल उरली नाही. मिलफॉइलच्या जुडग्याभोवती वेढा पडला होता. आम्ही ओढले. ओढू नये हे आबा म्हणत होते तेव्हा आम्ही ओढतच होतो. टण् असा आवाज झाला आणि काठी हलकी झाली.

येथपर्यंत कोणाच्याही बाबतीत घडते. मासा सुटला, असे म्हणून माणसे नवा ल्यूर बांधतात. आम्हीही बांधायला घेतला होता. तेवढ्यात पंचवीस-तीस हातांवर, काळोखात, मासा पाण्याबाहेर उसळला. तोंडातले झटकून टाकायला बास उसळी घेऊन डोके हलवतो. डोके हलवले तेव्हा आमचा खुळखुळा वाजला. मग पाण्यात पडल्याचा आवाज. मग पुन्हा उसळी, पुन्हा खुळखुळा. तिसऱ्यांदा तो जरा दूर वाजला. मग थांबला.

माशाला ऐकू जावा म्हणून निवडलेला आवाज आम्हांलाच ऐकवला जात होता. तो मासा ल्यूर झटकून मोकळा झाला की दोन तिहेरी गळांनी तोंड शिवले जाऊन गवतात गेला, हे आम्हांला कधीच कळणार नव्हते. पुष्कळदा असे मासे काही दिवसांत गळ झटकून टाकतात, असे नंतर वाचले. ते वाचले तेव्हा बरे वाटले, आणि बरे वाटले याची लाजही वाटली.

आबा त्या रात्री एवढेच म्हणाले, "दोरो बारीक होतो." परतताना मात्र गाडीत, पार्सिपनी जवळ आल्यावर, त्यांनी इतकी वर्षे न विचारलेला प्रश्न विचारला. "खावचो नाय, तर पकडतस कित्याक?"

आबा मासे खातात. नियमात बसेल तेवढाच, खाण्यापुरता एखादा ते ठेवतात, तिथल्या तिथे मारतात आणि घरी त्याचे तिखले करतात. त्यांच्या हिशेबात गळ आणि ताट यांच्यामध्ये काही लपवालपवी नाही. आमच्या हिशेबात मात्र मासा न खाणे हे पुण्याच्या बाजूला जमा होते, आणि त्या जमेवर आम्ही गळ मारत होतो. निरामिष आमिष या शब्दावर खूश होण्यामागेही हेच होते. ल्यूरमध्ये मांस नाही हे खरे. पण गळाच्या दुसऱ्या टोकाला मांस असते, आणि ते जिवंत असते. आजीने जे केले त्याला पुण्य म्हणावे की नाही हे आम्हांला आता सांगता येत नाही, पण ती जे दाखवत होती तेच देत होती. आम्ही दाखवत होतो एक आणि देत होतो दुसरे.

प्रश्नाचे उत्तर त्या रात्री दिले नाही. पेटी मात्र पुन्हा उघडली. या वेळी प्रश्न निराळा होता. आजवर आम्ही विचारत होतो की मासा कशाला येईल. आता विचारले की आलेला मासा निसटला तर त्याला काय घेऊन जगावे लागेल.

या प्रश्नाने बरेच काही बदलले. बारीक दोरा गेला, त्याच्या जागी पन्नास पौंडी विणलेला दोरा आला. रात्री माशाला दोरा दिसण्याचा प्रश्न नसतो, आणि जाड विणीचा दोरा गवताचे देठ कापत येतो. मासा गवतात शिरला तरी गवतासकट वर आणता येतो. म्हणजे तो आमच्या हाती येतो आणि गळ काढून घेता येतो. दुबळ्या साधनाने माशाला संधी दिली जाते हा समज आम्ही सोडून दिला; गवतात दुबळे साधन म्हणजे तुटलेला दोरा आणि तोंडात राहिलेला गळ. तिहेरी गळांचे सगळे ल्यूर बाजूला निघाले. जिटरबग सोडवेना, तेव्हा त्याचे दोन्ही तिहेरी गळ काढून मागच्या बाजूला एकच एकेरी गळ लावला. गळांचे काटे, म्हणजे टोकाजवळचा तो उलटा दात, पकडीने दाबून सपाट केले. दात नसला की गळ निघताना फाडत नाही, आणि दोरा तुटलाच तर माशाला तो लवकर झटकता येतो. रबरी किडा मासा पोटापर्यंत गिळू शकतो, म्हणून तो फक्त आबांच्या काठीला राहिला. ते खाणारे आहेत. आमच्याकडे उरले तीन ल्यूर: स्पिनरबेट, बेडूक आणि एका गळाचा जिटरबग.

मासे अर्थातच कमी लागू लागले. पूर्वी रात्रीत पाच धक्क्यांतून तीन मासे होडीत येत, आता पाचातून एखादा येतो. काळोखात धप्प असा आवाज होतो, आम्ही वजनाची वाट पाहतो, आणि वजन येत नाही. पुढे पुन्हा गुळुक गुळुक सुरू होते. आबा हसतात. आणि अशाच एका रात्री, आवाज होऊन मासा चुकला असताना, आबांच्या प्रश्नाचे आमच्यापुरते खरे उत्तर आम्हांला सापडले. आम्हांला मासा नकोच असतो. आम्हांला तो आवाज हवा असतो. दिसत नाही अशा पाण्यात, दिसत नाही असे काहीतरी आपल्या हातातल्या खोट्या वस्तूला खरे मानून वर येते, त्या एका क्षणासाठी आम्ही तीस मैल गाडी हाकत जातो. हे उत्तर फारसे शोभादायक नाही. यात निसर्गप्रेम आहे की फसवण्याचा आनंद, हे वेगळे करता येत नाही.

आम्ही ते आबांना सांगितले. आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मगे गळ तरी कित्याक व्हयो?"

याला उत्तर नव्हते. आवाजच हवा असेल तर गळाची खरोखर गरज नाही. आम्ही कपाळावरचा तांबडा दिवा लावला, पकडीने जिटरबगचा तो एकमेव गळ काढून पेटीत ठेवला आणि नुसता ल्यूर फेकला. लाकडाचा एक तुकडा, तोंडाशी पत्रा, आणि पोटाखाली काही नाही. घाटावर अन्न होते, गळ नव्हता. नंतर गळ होता, अन्न नव्हते. आता दोन्ही नव्हते. गुळुक गुळुक करत तो गवताच्या शेंड्यांवरून येऊ लागला.

दुसऱ्या फेकीला धप्प झाले. काठी वाकली. एक, फार तर दोन क्षण हाताला पुरते जिवंत वजन होते. डोके हलवल्याचे कळले. मग माशाने ती निरर्थक वस्तू सोडून दिली आणि पाणी शांत झाले. कोणाचे काही बिघडले नव्हते. आबा म्हणाले, "बघ, झाला मां?"

झाले होते. जे हवे म्हणून आम्ही म्हणत होतो ते सगळे मिळाले होते. तिसरी फेकही केली. तिच्यात काही लागले नाही, आणि ल्यूर होडीपाशी परत येईपर्यंत आमच्या लक्षात आले की काठी धरलेला हात अजून त्या वजनाची वाट पाहतो आहे, आणि ते वजन टिकत नाही याचा त्याला राग आला आहे. तो हात आजीच्या शेजारी पायरीवर बसून पाण्यात बुडवलेलाच होता. तेव्हाही मासे बोटांना लागून गेले की तो मुठीत मिटायचा, आणि आजी तो हळूच उघडायची.

चौथ्या फेकीआधी आम्ही तांबडा दिवा पुन्हा लावला आणि पेटीतला गळ शोधू लागलो. आबांनी काही न बोलता पकड पुढे केली.